अक्षरांची सत्ता आणि समतेचा शब्द : चीन, कोरिया व जपान

चीन, कोरिया आणि जपान या तीन देशांची संस्कृती एकच आहे आणि भाषाही थोड्याफार फरकाने एकच आहे, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आशियाचा भाग सुरू झाला की हा समज दरवर्षी माझ्यासमोर येतो. चेहरे सारखे, लिपी सारखी, भात आणि मासे सारखे, बुद्धमूर्ती सारख्या; मग वेगळे ते काय, असे विद्यार्थी विचारतात. याच्या दुसऱ्या टोकाला काही अभ्यासक तीन राष्ट्रांच्या तीन अस्मिता इतक्या ठासून मांडतात की त्यांना जोडणारे धागेच दिसेनासे होतात. या दोन्ही मांडण्यांत एक प्रश्न विचारलाच जात नाही. हे सारखेपण कोणाचे आणि हे वेगळेपण कोणाचे? दरबारातल्या पंडिताचे की मेलेल्या जनावराचे कातडे सोलणाऱ्याचे?

या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर चित्र बदलते. तिन्ही देशांत जे सारखे दिसते त्याचा मोठा भाग लिहिणाऱ्या वर्गाने घडवलेला आहे. माणसांची ‘चांगली’ आणि ‘हीन’ अशी वाटणीही त्याच लिपीतून एका देशातून दुसऱ्या देशात गेली. आणि ज्यांना त्या लिपीने हीन ठरवले, त्यांनीच विसाव्या शतकात त्यातली अक्षरे उचलून आपल्या मुक्तीच्या चळवळीला नाव दिले. हा प्रवास समजून घेण्यासाठी आधी भाषांकडे वळले पाहिजे.

१

‘मी पाणी पितो’ हे साधे वाक्य घेऊ. चिनी माणूस म्हणतो, ‘वो हे श्वेइ’. म्हणजे मी, पितो, पाणी. जपानी माणूस म्हणतो, ‘वाताशी वा मिझु ओ नोमु’. कोरियन म्हणतो, ‘नानून मुरुल माशिन्दा’. या दोन्हींत क्रम मी, पाणी, पितो असा, थेट मराठीसारखा आहे. क्रियापद शेवटी येते आणि नामाला आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय लागतात. चिनी भाषेत क्रियापदाला रूपे नाहीत, प्रत्ययांचा पसारा नाही. तिथे सुराला महत्त्व आहे. बीजिंगच्या बोलीत ‘मा’ हे एकच अक्षर चार सुरांत उच्चारले तर आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ होतात. चिनी ही तिबेटी व ब्रह्मी भाषांच्या गोतातली. जपानी आणि कोरियन या दोघींचे तिच्याशी काही नाते नाही. त्या दोघींची घडण एकमेकींशी इतकी जुळते, तरी त्या एकाच कुळातल्या आहेत हेही आजवर सिद्ध झालेले नाही. शिवाय ‘चिनी’ ही तरी एक भाषा कुठे आहे? बीजिंगचा माणूस आणि कॅन्टनचा माणूस आपापल्या बोलीत बोलले तर एकमेकांचे बोलणे त्यांना कळत नाही.

मग सारखेपण आले कोठून? ते लिपीतून आले. पाण्यासाठी चिनी लिपीत एक अक्षर आहे. चीनमध्ये त्याचा उच्चार ‘श्वेइ’. जपान्यांनी आणि कोरियनांनी ते अक्षर घेतले तेव्हा सोबत त्याचा चिनी उच्चारही घेतला आणि तो आपापल्या जिभेवर वळवून ‘सुइ’ आणि ‘सु’ असा केला. परंतु विहिरीवर जाणाऱ्या बाईच्या तोंडी जपानात ‘मिझु’ राहिले आणि कोरियात ‘मुल’. म्हणजे एकाच वस्तूला दोन शब्द झाले, एक ग्रंथातला आणि दुसरा घरातला. ग्रंथालयाला चीनमध्ये ‘थूशूग्वान’, जपानात ‘तोशोकान’, कोरियात ‘तोसॉग्वान’ म्हणतात. हे ऐकले की तिन्ही भाषा सख्ख्या बहिणी वाटतात. जपानी आणि कोरियन शब्दकोशांतले जवळपास निम्मे किंवा त्याहूनही अधिक शब्द अशा चिनी मुळाचे आहेत. आपल्याकडे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिघींत संस्कृत शब्द भरलेले आहेत. म्हणून काही तेलुगू आणि कन्नड मराठीच्या कुळातल्या ठरत नाहीत. तेच इथे आहे. शब्द पोथीतून आले आणि पोथी वाचणारा वर्ग तिन्ही देशांत एकाच वळणाचा होता.

येथे भारताशी असलेला एक दुवाही नोंदवला पाहिजे. जपानी मुले आपली ‘काना’ अक्षरे घोकतात ती ‘आ इ उ ए ओ’ या क्रमाने, आणि पुढच्या ओळी येतात ‘का सा ता ना हा मा या रा वा’ अशा. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे. ‘हा’ च्या जागी पूर्वी ‘पा’ होता हे लक्षात घेतले की तो अधिकच स्पष्ट होतो. संस्कृत मंत्रांचे शुद्ध उच्चार शिकण्यासाठी बौद्ध भिक्षूंनी भारतीय उच्चारशास्त्राचा अभ्यास केला आणि त्यातून ही मांडणी तिकडे रुजली. आपल्याकडे ‘वर्ण’ म्हणजे अक्षर आणि ‘वर्ण’ म्हणजे माणसाची जन्माने ठरलेली पायरी. ज्या भूमीत शूद्रातिशूद्रांच्या कानी अक्षर पडू नये असा दंडक होता, त्या भूमीची वर्णमाला समुद्रापलीकडच्या मुलांच्या तोंडी गेली.

२

चिनी लिपी शिकायची तर हजारो अक्षरे पाठ करावी लागतात. ते काम वर्षानुवर्षांचे आणि ज्याच्या पोटाची सोय झालेली आहे त्याचे. इ. स. ६०० च्या सुमारास सुरू झालेली आणि १९०५ मध्ये बंद झालेली सरकारी परीक्षा ही चिनी समाजाची मोठी अभिमानाची गोष्ट मानली जाते. जन्मापेक्षा विद्वत्तेला मान देणारी ही पद्धत होती, असे तिचे वर्णन केले जाते. तत्त्वतः ते खरेही आहे. शेतकऱ्याचा मुलगा मंत्री झाल्याची उदाहरणे आहेत. परंतु स्त्रीला त्या परीक्षेचे दार बंद होते आणि ‘हीन’ ठरवलेल्या कुळांनाही बंद होते. कोरियाने ही परीक्षा ९५८ मध्ये घेतली आणि ती १८९४ पर्यंत चालवली. पण तिथे प्रत्यक्षात ती ‘यांगबान’ या सरदार-पंडित वर्गाच्या हाती राहिली. जपानने ती फार काळ टिकवलीच नाही. तिथे जन्म वरचढ ठरला आणि पुढे तलवार वरचढ ठरली. एकाच ग्रंथपरंपरेतून तीन देशांत तीन वेगळ्या सत्ता उभ्या राहिल्या, हा या तिघांतला महत्त्वाचा फरक आहे.

या अक्षरसत्तेला सर्वांत मोठा धक्का कोरियात बसला आणि तो एका राजाने दिला. राजा सेजोंग याने १४४३ मध्ये अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. तिलाच आज हंगुल म्हणतात. आज तिची चोवीस मूळ अक्षरे वापरात आहेत. ‘क’ उच्चारताना जीभ मागे जशी उचलली जाते, ‘न’ उच्चारताना तिचे टोक जसे वर लागते, तसे त्या अक्षरांचे आकार आहेत. चिनी लिपी येत नसल्यामुळे सामान्य रयतेला मनातले मांडता येत नाही म्हणून ही लिपी केली, असा तिचा हेतू राजाने स्वतः सांगितला. यावर दरबारी पंडितांची प्रतिक्रिया पाहण्यासारखी आहे. च्वे मल्ली या विद्वानाने १४४४ मध्ये इतरांसह राजाकडे अर्ज केला. त्याचा आशय असा की स्वतःची वेगळी लिपी मंगोल, तिबेटी, जपानी अशा रानटी लोकांना असते; चीनच्या थोर परंपरेत असलेल्या राज्याने त्यांच्या पंगतीला का बसावे? रयतेला वाचता येईल की नाही, या प्रश्नाला पंडितांच्या लेखी किंमत नव्हती. प्रतिष्ठेला होती.

पुढची साडेचारशे वर्षे हंगुलला ‘गावठी लिपी’, ‘बायकांची लिपी’ म्हणून हिणवले गेले. जपानातही नवव्या शतकात चिनी अक्षरांवरून काना लिपी तयार झाली तेव्हा तिच्या एका रूपाला ‘बाईचा हात’ म्हणत. त्याच लिपीत अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या स्त्रीने ‘गेंजी’ ची कथा लिहिली आणि जपानी साहित्याचा मानबिंदू निर्माण केला. चीनमध्ये हूनान प्रांतातल्या जियांगयोंग भागात तर स्त्रियांनी उच्चारावर आधारलेली स्वतःची लिपी चालवली. ती आईकडून मुलीकडे, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जात असे. ती परंपरेने शिकलेली शेवटची जाणकार बाई २००४ मध्ये वारली. भाषा तीन, लिप्या तीन. पण वरच्यांची लिपी पुरुषांची आणि बोलण्याजवळची लिपी बायकांची, ही वाटणी तिन्हीकडे एकच आहे. संस्कृतीचे सारखेपण मोजणाऱ्यांनी हेही मोजले पाहिजे.

३

चीनच्या थांग राजवटीच्या कायद्यात प्रजेचे दोन भाग होते. ‘लियांग’ म्हणजे चांगले आणि ‘ज्येन’ म्हणजे हीन. ही दोन अक्षरे जशीच्या तशी जपानच्या आठव्या शतकातल्या कायद्यात आणि कोरियाच्या समाजरचनेत गेली. न्याय, कर, सैन्य यांचे शब्द गेले तसे हीनपणाचे शब्दही गेले. मात्र हीन कोणाला म्हणायचे, हे प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवले.

जपानात मेलेली गुरे ओढणारे, कातडे कमावणारे, फाशीच्या जागी काम करणारे लोक ‘एता’ ठरले. त्या शब्दासाठी वापरलेल्या अक्षरांचा अर्थ ‘पुष्कळ विटाळ’ असा होतो. दुसऱ्या एका गटाचे नाव ‘हिनिन’, म्हणजे ‘माणूस नव्हे तो’. गावातले जनावर मेले की शेतकऱ्याने ते फुकट त्यांच्या हवाली करायचे, आणि कोणत्या गावाची मेलेली गुरे कोणत्या वस्तीची हे ठरलेले होते. महारकीचे कामही आणि हक्कही ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सम्राट तेन्मूने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती, आणि पुढे शतकानुशतके मांस हे अपवित्र मानले गेले. पण सामुराईच्या चिलखताला कातडे हवेच होते. कातडे हवे आणि कातडे करणारा नको, ही रीत आपल्या परिचयाची आहे. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. मांस प्रतिष्ठित झाले. ते कापणारा मात्र झाला नाही.

कोरियात या लोकांना ‘पेकजोंग’ म्हणत. खाटीककाम, कातडीकाम आणि बुरुडकाम हे त्यांचे व्यवसाय. त्यांना गावाबाहेर राहावे लागे, कौलारू घर बांधता येत नसे, रेशीम वापरता येत नसे, प्रतिष्ठित पुरुषाची काळी टोपी घालता येत नसे. इथे भाषेचाही संबंध येतो. कोरियन आणि जपानी या दोन्ही भाषांत समोरच्याचा दर्जा क्रियापदाच्या शेवटातून व्यक्त होतो. चिनी भाषेत तसे शेवट नाहीत. कोरियन माणसाला ‘जेवलास का’ एवढे विचारायचे तरी आधी आपण वर की खाली हे ठरवावे लागते. साध्या शेतकऱ्याचे पोर म्हाताऱ्या पेकजोंगाशी एकेरीत बोले आणि म्हाताऱ्याने त्या पोराला आदरार्थी उत्तर द्यावे लागे. माझ्या आजोबांच्या पिढीने पाटलाच्या पोराला ‘जोहार मायबाप’ केला आणि बदल्यात ‘अरे’ ऐकले. व्याकरण निरागस असते असे भाषाशास्त्राच्या पुस्तकांवरून वाटते. ते कोणाला कोणत्या दारात उभे राहून वापरावे लागले, हे पुस्तकात येत नाही.

चीनचे चित्र वेगळे आहे. तिथे खाटीक हीन नव्हता. हीन ठरले ते गुलाम, नट, गाणारे-वाजवणारे, कोतवालीतले शिपाई, होड्यांवर राहणारे काही समूह, आणि शाओशिंग भागातले ‘द्वोमिन’. सम्राट योंगझेंगने १७२३ पासून यांतल्या अनेकांची हीनता कायद्याने रद्द केली. जगाच्या इतिहासात ही फार लवकर घडलेली गोष्ट आहे. पण १७७१ मध्ये असा नियम झाला की अशा कुळाने आपला जुना धंदा सोडल्याची नोंद केल्यापासून चार पिढ्या निष्कलंक गेल्या तरच त्यांच्या वंशजाला परीक्षेला बसता येईल. हातात स्वातंत्र्य दिले आणि अक्षर चार पिढ्या लांब ठेवले.

आधुनिक चिनी साहित्याचा प्रवर्तक लू शुन (१८८१-१९३६) हा याच शाओशिंगचा. त्याने १९१८ मध्ये बोलभाषेत कथा लिहून ग्रंथभाषेची मक्तेदारी मोडली. १९३३ मध्ये त्याने द्वोमिनांवर एक छोटा लेख लिहिला. राज्यक्रांतीनंतर त्याच्या आईने घरी सणासुदीला राबायला येणाऱ्या एका द्वोमिन बाईला सांगितले की आता आपण सारे सारखे, तू यापुढे येऊ नकोस. त्यावर ती बाई संतापली. पिढ्यान् पिढ्यांचा हक्क कसा सोडायचा, असा तिचा सवाल होता. हा प्रसंग वाचताना महार वतन सोडा म्हणून बाबासाहेब सांगत होते तेव्हाचा आपल्याच वस्त्यांतला वाद आठवतो. गुलामीला हक्काचे रूप दिले की गुलामच तिचा पहारेकरी होतो. पण लू शुनच्या आईने त्या बाईला समतेचा निरोप दिला तेव्हा तिच्या भाकरीची सोय काय, हे सांगितले नव्हते, हेही विसरता येत नाही.

४

आता ज्या मुद्द्याला आपल्यापैकी पुष्कळजण टाळतील तो मांडतो. बौद्ध धम्म या तिन्ही देशांत गेला. चीनमध्ये पहिल्या शतकात, कोरियात ३७२ मध्ये, जपानात सहाव्या शतकाच्या मध्यास. मग तिथे हीनता का टिकली?

उत्तर शोधताना मला भाषेतच दोन शब्द सापडले. दोन्ही आपल्या भूमीतून निघालेले. पहिला शब्द ‘चांडाळ’. चिनी यात्रेकरू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आला. चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली सूचना देतात, असे त्याने लिहून ठेवले. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात ही साक्ष तपासून पाहिली आहे. ‘चांडाळ’ हा शब्द चिनी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिला गेला, सूत्रांच्या भाषांतरांत आला आणि जपानात ‘सेन्दारा’ झाला. तेराव्या शतकातल्या निचिरेन या बंडखोर आचार्याने स्वतःला सेन्दाराचा पुत्र म्हणवून घेतले. पण तोच शब्द इतर मठांनी बहिष्कृतांच्या माथी मारला. जपानात माणूस मेल्यावर मठ त्याला धर्मनाम देतो आणि ते थडग्यावर कोरतात. बहिष्कृतांच्या थडग्यांवर ‘पशू’, ‘हीन’, ‘सेन्दारा’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली सापडली आहेत. मेलेल्यालाही जात चिकटवण्याचे हे काम भिक्षूंच्या हातून झाले. १९७९ मध्ये सोतो झेन संघाच्या प्रमुखाने अमेरिकेतल्या एका जागतिक धर्मपरिषदेत जपानात असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. चळवळीने जाब विचारल्यावर त्या संघाला माफी मागावी लागली आणि थडग्यांची तपासणी करावी लागली.

दुसरा शब्द ‘समता’. सूत्रांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी संस्कृत ‘समता’ साठी दोन अक्षरांचा एक शब्द रूढ केला. चीनमध्ये तो ‘फिंग-तंग’, कोरियात ‘प्योंग-दुंग’, जपानात ‘ब्यो-दो’. आजही तिन्ही भाषांत समतेला हाच शब्द आहे. राज्यघटना आणि कायदे लिहितानाही तोच वापरला जातो. त्यातले पहिले अक्षर, फिंग किंवा प्योंग किंवा ब्यो, याचा अर्थ सपाट, सारखे. तेच अक्षर जपानीत ‘हेइ’ असेही वाचतात.

एकाच गलबतातून चांडाळही गेला आणि समताही गेली. मठ राजाच्या आश्रयाला होते, जमिनीचे मालक होते. त्यांनी समता पूजेच्या पाठात ठेवली आणि चांडाळ थडग्यावर कोरला. धम्म तिथे पोचला यावर समाधान मानणाऱ्यांनी एवढे पाहावे की तो कोणाच्या हाती पोचला.

५

१८७१ मध्ये जपान सरकारने ‘एता’ आणि ‘हिनिन’ ही नावे कायद्याने रद्द केली. लगेच झालेल्या कुटुंबनोंदणीत पुष्कळ ठिकाणी त्यांच्यापुढे ‘नवे प्रजाजन’ असे लिहिले गेले. जुने नाव गेले आणि ‘नवे’ हेच नवे जातिनाम झाले. १९२२ च्या ३ मार्चला क्योतो शहरात या लोकांनी स्वतःची संघटना स्थापन केली. तिचे नाव ‘सुइहेइशा’. ‘सुइ’ म्हणजे पाणी, ‘हेइ’ म्हणजे सपाट, ‘शा’ म्हणजे संघ. पाण्याच्या पातळीसारखा सम समाज हे त्यांचे ध्येय. तिचा जाहीरनामा साइको मानकिची या बहिष्कृत वस्तीतल्या मठात जन्मलेल्या तरुणाने लिहिला. दया दाखवणाऱ्या सुधारकांना त्यात नकार आहे, आणि ‘एता’ हा शिवीचा शब्दच अभिमानाने उच्चारण्याची वेळ आली आहे असे त्यात म्हटले आहे. ‘दलित’ या शब्दावर आपल्याकडे झालेला वाद ज्यांना माहीत आहे, त्यांना या ओळींमागची जिद्द कळेल.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२३ मध्ये, कोरियातल्या जिंजू शहरात पेकजोंगांनी संघ काढला. त्याचे नाव ‘ह्योंगप्योंगसा’. ‘ह्योंग’ म्हणजे तराजूची दांडी, ‘प्योंग’ म्हणजे सपाट, ‘सा’ म्हणजे संघ. खाटकाच्या हातातला तराजू त्यांनी न्यायाचे चिन्ह केला. त्यांच्या मुलांना शाळेत घेत नव्हते. त्याच जिंजूत १९०९ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पेकजोंगांसोबत प्रार्थनेला बसायला इतर ख्रिस्ती तयार नव्हते. जपानी आणि कोरियन या दोन भाषा एकमेकांना कळत नाहीत. पण ही दोन नावे शेजारी लिहिली तर तीनपैकी दोन अक्षरे तीच दिसतात. समतेच्या शब्दातले ‘सपाट’ हे अक्षर मठातून बाहेर काढून या लोकांनी आपल्या झेंड्याखाली आणले. कोरिया तेव्हा जपानचा गुलाम होता. तरी दोन्ही संघटनांनी एकमेकांना निरोप पाठवले, प्रतिनिधी पाठवले. या संबंधांची कागदपत्रे २०१६ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत स्मृतिसंग्रहात नोंदवली गेली. आमच्याकडे १९२७ मध्ये चवदार तळ्यावर पाण्याचाच प्रश्न उभा राहिला होता, हा योगायोग असला तरी तो लहान नाही.

त्याच १९२३ च्या सप्टेंबरात तोक्यो परिसरात भूकंप झाला आणि कोरियनांनी विहिरींत विष टाकल्याची अफवा उठली. टोळ्यांनी रस्ते अडवून संशयितांकडून जपानी शब्द वदवून घेतले. ‘ज’ आणि ‘ग’ चे उच्चार चुकले की माणूस कोरियन ठरे आणि मारला जाई. हजारो मेले. चिबा प्रांतातल्या फुकुदा गावात दूरच्या कागावा प्रांतातून आलेल्या औषधविक्यांचा जथा अडवला गेला. त्यांची बोली तिथल्या लोकांना परकी वाटली. नऊजण ठार झाले. ते सारे जपानी होते आणि बहिष्कृत वस्तीतले होते.

अक्षराची गोष्ट इथेही संपत नाही. १९६३ मध्ये सायामा येथे एका शाळकरी मुलीचा खून झाला आणि बुराकू वस्तीतल्या इशिकावा काझुओ या चोवीस वर्षांच्या तरुणाला पकडले. खंडणीची चिठ्ठी हा मुख्य पुरावा. ज्याला शाळा पुरी करता आली नव्हती तो अशी अक्षरे लिहील कसा, हा बचावाचा प्रश्न होता. १९६४ मध्ये फाशी, १९७४ मध्ये जन्मठेप, १९९४ मध्ये सशर्त सुटका. तो लिहायला-वाचायला शिकला तो तुरुंगात, आणि तिथून त्याने स्वतःच्या हाताने आपले निर्दोषत्व मांडले. खटला पुन्हा चालवण्याची मागणी मान्य होण्याआधीच २०२५ मध्ये तो वारला. त्या १९६० च्या दशकात बुराकू वस्त्यांत प्रौढ बायका अक्षरवर्गांत बसू लागल्या. १९६१ मध्ये कोची प्रांतातल्या नागाहामाच्या मातांनी पाठ्यपुस्तके फुकट मिळावीत म्हणून लढा दिला आणि १९६३ च्या कायद्यानंतर ती टप्प्याटप्प्याने जपानच्या सर्वच मुलांना मिळाली. माझ्या घरात अक्षर माझ्या पिढीत आले. फी माफीच्या रांगेत उभा राहून मी पदवीधर झालो. त्यामुळे त्या मातांचे मोल मला कोणी पटवून द्यावे लागत नाही.

कोरियात १८९४ हे वर्ष दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी जन्माधिष्ठित दर्जे रद्द झाले आणि त्याच वर्षी सरकारी कायदे हंगुलमध्ये लिहिण्याचा आदेश निघाला. चार वर्षांनी, १८९८ मध्ये, सेऊलच्या जाहीर सभेत पाक सोंग-चुन हा पेकजोंग मंत्र्यांच्या उपस्थितीत बोलायला उभा राहिला. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये त्या देशातल्या आधुनिक वैद्यकाच्या पहिल्या सात पदवीधरांपैकी एक झाला. आज कोरियात पेकजोंग म्हणून कोणी ओळखू येत नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धाने गावे उधळली, लोक शहरात गेले, वंशावळी हरवल्या किंवा नव्याने मिळवल्या गेल्या. जपानात वस्ती जागच्या जागी राहिली, नोंदवह्या राहिल्या. त्या नोंदवह्यांवरची खुली नजर १९६८ मध्ये बंद झाली, तर १९७५ मध्ये उघड झाले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात आहेत. नोकरी देताना आणि लग्न जुळवताना त्या चाळल्या जात. २०१६ मध्ये जपानला या भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

यावरून कोणी म्हणेल की विसरणे हाच उपाय. कोरियाने विसरून दाखवले. १९०६ मध्ये शिमाझाकी तोसोन याने ‘हाकाई’ या कादंबरीत एक बुराकू शिक्षक रंगवला. जात कधीही सांगू नकोस, अशी त्याला बापाची आज्ञा आहे. ती पाळता पाळता तो आतून खंगतो. आपल्या शिक्षक, कारकून, अधिकारी मंडळींत अशी आज्ञा पाळणारे थोडे नाहीत. भाड्याचे घर शोधताना पुरे नाव विचारले जाते तेव्हा तिचा मोह कसा असतो हे मला ठाऊक आहे. तरीही कोरियाचे उदाहरण आपल्या कामाचे नाही. तिथे ओळख पुसली गेली ती युद्धात लाखो माणसे मेल्यावर आणि सारा देश विस्थापित झाल्यावर, आणि त्याआधी ह्योंगप्योंगसाच्या माणसांनी उघडपणे, नाव घेऊन, मार खाऊन भांडण केले होते. ज्यांनी नाव सांगितले त्यांच्या भांडणामुळे पुढच्यांना ते न सांगण्याची मोकळीक मिळाली.

म्हणून या तीन देशांच्या भाषा आणि संस्कृती शिकताना राजे, मठ आणि कवी यांच्याबरोबर ही दोन नावेही शिकली पाहिजेत. ‘सपाट’ हे अक्षर चीनमध्ये घडले, त्यात भारतातल्या समतेचा अर्थ भरला गेला, आणि त्याला रस्त्यावर आणले ते क्योतोच्या चर्मकारांनी आणि जिंजूच्या खाटकांनी. पंडितांनी ते दीड हजार वर्षे सुंदर वळणात लिहिले होते.